प्रेत मिळालं का?

मालिकेत कोण जाणार, हे आमच्या आत्याला आठवडाभर आधी कळतं. कालपर्यंत बायकोवर खेकसणारा नवरा अचानक गजरा घेऊन आला, पोराला मांडीवर घेऊन जुन्या आठवणी काढू लागला आणि दारातून वळून ‘आलोच हं’ म्हणाला, की आत्या ताटलीतलं फणसाचं साठ बाजूला सारून जाहीर करते, ‘गेला हा.’ पुढचं सगळं यथासांग पार पडतं. घाट, ट्रक, न लागणारा ब्रेक, देवघरात विझलेली समई, हातून निसटलेला कुंकवाचा करंडा आणि घरातल्या यच्चयावत माणसांचे चेहरे प्रत्येकी तीनदा, गड्यामाणसांसकट. रत्नागिरीत वीज जाण्याआधीसुद्धा इतकी सूचना मिळत नाही. तरी वाहिनी म्हणते, प्रेक्षकांना जबरदस्त धक्का!

आत्याला धक्का बसत नाही. ती एवढंच विचारते, ‘प्रेत मिळालं का?’ गाडी दरीत, दरीत नदी, नदीला पूर, शोध चालू. ‘मग कसला गेलाय! गणपतीपर्यंत येतो बघ.’ आणि येतो. कधी दाढी वाढवून, कधी स्मृती घालवून, कधी सरळ दुसऱ्याच नटाचं तोंड लावून.

साहेबाच्या देशातही हेच. आर्थर कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात बुडवला, प्रेत काही दाखवलं नाही; १९०३ साली होम्स हजर. अमेरिकेच्या ‘डॅलस’ मालिकेत तर बॉबी सगळ्यांदेखत मेला, अख्खं पर्व त्याच्यावाचून गेलं आणि १९८६ साली तो न्हाणीघरात अंघोळ करताना सापडला. मधलं सगळं म्हणे बायकोचं स्वप्न. वर्षभर डोळे पुसणाऱ्यांनी रुमालाचे पैसे कोणाकडे मागायचे?

आपल्याकडे हा मान मिहिर विराणीचा. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २००० साली सुरू झाली आणि थोड्याच महिन्यांत मिहिर गेला. लोकांनी असा काही आकांत केला की त्याला परत आणावं लागलं. आला तो स्मृती हरवून, आणि सांभाळायला एक डॉक्टरीणबाई. पुढे मिहिर तोच राहिला, नट बदलत गेले. आणि २०२५ च्या जुलैत मालिका पुन्हा सुरू झाली, तर पहिला मिहिर, अमर उपाध्याय, त्याच घरात बायको तुळशीच्या शेजारी उभा! पंचवीस वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी आमच्या आळीत रात्रीची जेवणं राहिली होती, तो. आत्या चष्मा पुसून म्हणाली, ‘तब्येत चांगली राखलीन हो मेल्यानं.’

पण मरणाचा खरा अभ्यास कोकणाचाच. ‘रात्रीस खेळ चाले’ ही सिंधुदुर्गातली मालिका २०१६ साली आली ती अण्णा नाईकांच्या मरणानेच. इतर मालिकांत माणूस शंभर भाग जगतो आणि मग जातो. अण्णा आधी गेले, मग २०१९ साली दुसऱ्या पर्वात जगले, आणि काय जगले! माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता यांच्यापुढे जिवंत माणसांच्या मालिका फिक्या पडल्या. २०२१ साली तिसरं पर्व आलं तेव्हा दोघंही भुतं होती. त्यातही पुढे शेवंतेची नटी बदलली. माणसाला तोंड बदलून आणतात हे ठाऊक होतं. भुतालाही बदली मिळते, हे सिंधुदुर्गाने दाखवून दिलं. आम्ही रत्नागिरीकर त्याबाबतीत जरा मागेच.

आता मरण म्हटलं की सुतक आलं. इथेच मालिकावाल्यांचं अज्ञान उघडं पडतं. सोमवारी सासरा जातो, गुरुवारी त्याच घरात मंगळागौर. सुतक किती दिवसांचं, लेकीला किती, विचारायची सोय नाही. दहाव्याचा पिंड मात्र हमखास, कारण कावळा फुकट काम करतो. तो तीन भाग फांदीवर बसतो, प्रत्येक सुनेकडे आळीपाळीने बघतो आणि खलनायिकेने मनातल्या मनात कबुली दिली की मगच खाली उतरतो. आमच्याकडे ताटकळून पाय दुखायला लागले की भटजी दर्भाचा कावळा करून मोकळे होतात. वाहिनीला तो चालत नाही. दर्भाला डोळे वटारता येत नाहीत.

आणि सुतक फिटल्यावर जे खरं नाट्य सुरू होतं, त्याला तर कोणी हातच लावत नाही. वारस नोंद! अण्णांच्या वाड्यात भुतं दिसली, पण तलाठी कितीसा दिसला? (हल्ली त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. काम तेच.) माणूस गेला की वारसांनी तीन महिन्यांत वर्दी द्यायची, गाव नमुना सहा-क मध्ये नोंद व्हायची, मग फेरफार, मग सातबारा. हे कागदावर. प्रत्यक्षात पणजोबा सातबाऱ्यावर ठणठणीत असतात. सहहिस्सेदार सत्तावीस, त्यातले नऊ डोंबिवलीला, दोन बडोद्याला, एक रागावलेला. कोकणात माणूस स्मशानात मरतो, सातबाऱ्यावर नाही. त्याला परत आणायला स्मृती घालवायची गरजच काय?

मालिकेत गेलेला परत न आल्याचा अपवाद एकच आठवतो. ‘आई कुठे काय करते’मधला आशुतोष २०२४ च्या सुरुवातीला गेला तो खरोखरच गेला. अरुंधतीला दुसऱ्या संसाराचं सुख जेमतेम लागत होतं आणि लेखकाने ते काढून घेतलं. आत्या त्या रात्री जेवली नाही, आणि यावेळी प्रेताचंही विचारलं नाही. मार्चमध्ये मालिकाच संध्याकाळच्या साडेसातवरून दुपारी अडीचला गेली. ‘बिचारीचा नवरा गेला तो गेला, वेळही गेली,’ एवढंच म्हणाली.

आमच्या नात्यातला एक भाचा मुंबईला मालिका लिहितो. परवा त्याचा फोन आला. नटाला सिनेमा मिळालाय, तारखा नाहीत, पात्र घालवायचंय. घाट वापरून झाला, विष वापरून झालं, जिनाही वापरून झाला.

‘मारू नको रे,’ आत्या म्हणाली. ‘गावी पाठव, सातबाऱ्यावर नाव लावायला. दोन वर्षं येत नाही तो.’

‘पण आत्ये, त्यात धक्का कुठाय?’

‘काम होऊन परत आला, की बसेल.’