पांढरा-नारंगी काका

तुमच्याही सोसायटीत ते आहेतच. ‘आतल्या खोलीत वाय-फाय येत नाही हो’ एवढं लिफ्टमध्ये बोलायचा अवकाश, रविवारी सकाळी नऊला काका क्रिम्पिंग टूल घेऊन दारात हजर.

“आरसीसीच्या भिंतीपुढे कसलं वाय-फाय? वायर टाका, वायर!” मग कॅट-सिक्सचं भेंडोळं हॉलभर पसरतं, सोफा सरकतो, तसबीर उतरते आणि ड्रिलचा भुगा वहिनींच्या पोह्यांवर बसतो.

नंतर पाठ सुरू होतो. वायरीचं आवरण सोलायचं, पिळलेल्या चार जोड्या उलगडायच्या आणि आठ तारा ओळीत लावायच्या: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. रामरक्षेच्या लयीत. दोन हिरव्यांच्या मध्ये निळी जोडी का घुसलीय, हे विचारू नये. उत्तर टेलिफोनच्या जमान्यापासून सुरू होतं आणि पोहे गार होतात. हळदीकुंकवाला बायका रांगेत बसल्या, तर काका साड्यांकडे बघून पुटपुटतात, “निळी चुकीच्या जागी बसलीय.” गणपतीच्या मंडपातल्या झालरीही त्यांनी याच क्रमाने लावायला लावल्या.

आठही तारा प्लगमध्ये शिरतात, टूल कडकन दाबलं जातं आणि काका कपाळावर हात मारतात.

“बूट राहिला!”

रबरी बूट प्लगच्या आधी वायरीत ओवायचा असतो. एकदा दाबलेला प्लग पुन्हा वापरता येत नाही. मग कापा, सोला, पांढरा-नारंगी, नारंगी... दिवाळीच्या साफसफाईत फ्रिजखाली निघणारे रंगीत तुकडे ते हेच.

पण माणसाला कळतं, हे कबूल करावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर तीनशे एमबीपीएसचे पैसे भरी आणि लॅपटॉपवर शंभरही मिळेनात. कंपनीच्या सांगण्यावरून राउटर चारदा बंद-चालू करून झाला. काकांनी टेस्टर लावला. सातवा दिवा लागेना. “तपकिरी जोडी तुटलीय. शंभरला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात.” नवा प्लग, दहा मिनिटं. बूट राहिला म्हणून वीस.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये वॉचमनच्या मुलीची शाळा आईच्या फोनवर भरायची. डेटा दुपारीच संपे. काकांनी आपल्या पहिल्या मजल्यावरून डक्टमधून वायर खाली केबिनपर्यंत सोडली, जुना राउटर दिला. “नियमात बसतं का?” सेक्रेटरींनी विचारलं. “वायर बसली ना,” म्हणाले आणि निघाले.

आता घरोघरी मेश राउटर आलेत, काकांना कुणी बोलवत नाही. रविवारी ते टेस्टर घेऊन केबिनमध्ये जातात. मुलगी क्रम म्हणून दाखवते, न चुकता. आठही दिवे लागतात.

त्या प्लगला बूट नाही.