काडीमोडाचे रसिक

अप्पांच्या संसाराला चाळीस वर्षं झाली. त्यातलं सर्वांत मोठं भांडण पंखा तीनवर ठेवायचा की चारवर, एवढंच. अशा माणसाला नाद लागावा तो मोडलेल्या लग्नांवरच्या कवितांचा! सुखी संसाराची कविता वाचून दाखवली, तर ते जांभई देतात. "सगळं ठीक चाललंय, मग रूपक शिरणार कुठून?"

शॅरन ओल्ड्स त्यांची लाडकी. तिचा नवरा तीस वर्षांनी सोडून गेला. त्यावरच्या 'स्टॅग्ज लीप' या संग्रहाला 2013 साली पुलित्झर मिळालं. अप्पांना नवऱ्याचा राग नाही. दोघांच्या आवडत्या वाइनच्या लेबलावर कड्यावरून झेप घेणारं सांबर होतं आणि बाईंनी त्यातच पळणारा नवरा पाहिला, याचं मात्र कोण कौतुक! "रूपक घरातच मिळालं, लांब जावं लागलं नाही!"

"नवरा गेला की लांब," काकू म्हणाल्या.

मग जॉर्ज मेरेडिथ. हेन्री वॉलिस या चित्रकाराने आधी त्याला मॉडेल करून मेलेल्या कवीच्या सोंगात पलंगावर निजवलं आणि पुढे त्याची बायकोच नेली. मेरेडिथने 1862 मध्ये 'मॉडर्न लव्ह'ची 50 सुनीतं छापली, तीही 16 ओळींची. "दुःख चौदांत मावेना!" अप्पा डोळे मिटून म्हणतात. त्यातले एका पलंगावरचे नवरा-बायको म्हणजे थडग्यावर कोरलेल्या मूर्ती, मध्ये तलवार. हे त्यांनी काकूंना नेमकं रात्री समजावलं. काकूंनी दोघांच्या मध्ये लोड ठेवला आणि दिवा मालवला.

परवा भाची आली. घटस्फोटाचा अर्ज नुकताच दाखल केलेला. अप्पा सरसावून बसले. "पण नेमकं कशासारखं वाटतं गं?"

"घराचा हप्ता एकटीनं भरल्यासारखं, मामा."

"अगं, ही तर वस्तुस्थिती झाली!" अप्पांचा चेहरा पडला.

काकूंनी तिला स्वयंपाकघरात नेलं, पोहे पुढे ठेवले आणि कोणाकडे काय राहिलं ते विचारू लागल्या. "फ्रीज त्यानं नेला," भाची सांगत होती, "बर्फाचे ट्रे तेवढे माझ्याकडे राहिले."

"वा! क्या बात है!" बाहेर अप्पांनी मांडीवर थाप मारली. टिपून घ्यायला पेन शोधलं, सापडेना. आत डोकावले तर पेन काकूंच्या हातात. वाण्याच्या बिलामागे त्या यादी करत होत्या: फ्रीज, मिक्सर, दोन बांगड्या.