उपनगरीय वसंतव्रत : विधी, निषेध आणि फलश्रुती

हे व्रत मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली आणि त्यांच्या अधल्यामधल्या स्टेशनांवर राहणाऱ्या गृहस्थाश्रमी स्त्री-पुरुषांनी करावे. वयाची, जातीची, पगाराची अट नाही. घराचे हप्ते चालू असल्यास उत्तम. अशा माणसाला श्रद्धेची सवय आधीच झालेली असते. दक्षिण मुंबईकरांनी केले तरी हरकत नाही, पण समुद्र त्यांना आयता मिळालेला असल्याने पुण्य निम्मेच लागेल.

व्रताचे प्रयोजन असे. उपनगरात प्रत्येक गोष्टीची पावती फाडली जाते. मेंटेनन्सची, पार्किंगची, गणपतीच्या वर्गणीची, गच्चीवर बारसे केल्याची. थकबाकीदारांची नावे नोटीस बोर्डावर लागतात. या वातावरणात वाढलेल्या माणसाला पावतीशिवाय आलेली वस्तू दिसेनाशी होते. दिसलीच तर ही स्कीम कधी संपणार आणि पैसे कधीपासून लागणार, याची तो चौकशी करतो. वसंत मात्र सेक्रेटरीच्या खिडकीसमोर जितका फुलतो, तितकाच थकबाकीदाराच्याही. जुन्या लोकांनी यालाच कृपा म्हटले असावे. ती आली-गेली तरी कळत नाही, म्हणून हा विधी.

त्यासाठी चार दिवस रजा टाकून महाबळेश्वर गाठायला हवे का? नको. अरणचे सावता माळी पंढरीला गेले नाहीत. विठ्ठल त्यांना मळ्यातच भेटला, असे परंपरा सांगते. ज्यांना मळा नाही, त्यांनी कंपाउंड वापरावे.

काळ

शास्त्रानुसार वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. झाडांना शास्त्र ठाऊक नसल्याने काटेसावर माघातच फुलू लागते, पळस-पांगारा फाल्गुन गाठतात आणि बहावा-ताम्हण वैशाखापर्यंत ताटकळत ठेवतात. म्हणून व्रत माघापासून धरावे. या दिवसांत ऑफिसातला मार्च एंड, मुलांच्या परीक्षा आणि पाणीकपातीची कुजबुज असा त्रिवेणी योग असतो. तो टळण्याची वाट पाहू नये. तो टळेपर्यंत पावसाळा येतो.

उपनगरातला वसंत थंडगार नसतो, हेही आधीच मान्य करावे. सांताक्रूझच्या वेधशाळेने २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदवले होते. त्याच १९५६ साली दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ प्रसिद्ध झाले. मुंबईत कोणी पाऱ्याची नोंद ठेवत होते आणि कोणी पालवीची. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. व्रतस्थाने दोन्ही ठेवाव्यात. पहिली कोणीही ठेवतो.

साहित्य

एक मान, वर होईल अशी. दोन कान, पैकी निदान एक मोकळा. पाण्याची बाटली. सुटे पैसे. दुर्बीण आणू नये. ती गळ्यात आली की माणूस पक्ष्यांची यादी करू लागतो, शेजाऱ्याच्या यादीशी ताडून पाहतो, आणि व्रताचे पावतीपुस्तक होते.

विधी

प्रथम श्रवण. पहाटे साडेचारच्या सुमारास कोकीळ सुरू होतो. त्या वेळी उशी डोक्यावर घेणे स्वाभाविक आहे. ते उरकून घ्यावे आणि मग ऐकावे. गाणारा हा नर असतो, काळाभोर, लाल डोळ्यांचा. ठिपक्याठिपक्यांची मादी गाण्याच्या फंदात पडत नाही. ती नुसती किक्-किक् करते आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात घालून मोकळी होते. उपनगरी कावळ्याच्या घरट्यात काटक्यांबरोबर तारा आणि कपड्यांचे हँगरही असतात. म्हणजे गेल्या वर्षी दोरीवरून नाहीसा झालेला तुमचा हँगर आज पहाटेच्या या मैफलीच्या कामी आलेला असू शकतो. हँगरचा शोक आवरावा.

दुसरे, पालवीदर्शन. ड्रेनेजच्या पाइपालगत, चौथ्या मजल्याच्या भेगेत एक पिंपळ असतोच. फाल्गुन-चैत्रात त्याला तांबूस, तुळतुळीत पालवी फुटते. त्यावरून सोसायटीत दोन तट पडतात. स्ट्रक्चरल ऑडिटवाले म्हणतात, मुळासकट काढा. जुने सभासद म्हणतात, पिंपळाला हात लावू नका, घराला लागेल. विषय पुढच्या सभेकडे ढकलला जातो आणि पुढच्या सभेला कोरम होत नाही. तेवढ्या वेळात पालवी पाहून घ्यावी. कोरम न झाल्याचा इतका हिरवा फायदा दुसरीकडे नाही.

तिसरे, तांबटपरीक्षा. टुक, टुक, टुक असा एकसुरी ठोका ऐकू येतो. उपनगरात दर दोन इमारतींमागे एकीचा पुनर्विकास चालू असल्यासारखे वाटते, त्यामुळे हा आवाज पक्ष्याचा की हातोडीचा, याचा निवाडा कठीण. सोपी खूण अशी : जेवणाच्या सुट्टीत थांबला तर कारागीर, भर उन्हातही थांबला नाही तर तांबट. चिमणीहून जरासा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. तो वाळक्या फांदीत ढोली कोरून संसार मांडतो आणि पावसाळ्याआधीच्या छाटणीत नेमकी वाळकी फांदी पहिली जाते. छाटणीची माणसे आली की खाली उतरून ‘दादा, त्या फांदीत कोणी राहतंय का बघता?’ एवढे विचारावे. हे या व्रतातले सर्वांत मोठे कर्मकांड.

चौथे, मार्गस्थ दर्शन. पूर्व द्रुतगती मार्गावर घाटकोपर-विक्रोळीच्या पट्ट्यात टॅबेबुयाची रांग गुलाबी होते. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे. एल साल्वादोर देशाचा तो राष्ट्रीय वृक्ष. आपले लोक हौसेने त्याला साकुरा म्हणतात आणि श्रेय जपानला देतात. ट्रॅफिक तुंबला नाही तर ही रांग नीट दिसत नाही, हे खरे. तरी ट्रॅफिकचे आभार मानू नयेत. झाडाचे मानावेत. श्रद्धाळू माणसाने एवढा भेद जरूर राखावा. लोकलने जाणाऱ्यांनी निराश होऊ नये. सावरीची बोंडे उकलली की म्हाताऱ्या उडतात आणि एखादी चालत्या डब्यात शिरते. तिच्याकडे फर्स्ट क्लासचा पास आहे का, असे कोणी विचारत नाही. वर्षभरातून एवढा एकच प्रवासी असा की त्याला जागा द्यायला सगळे तयार असतात.

पाचवे, वायुस्पर्श. मार्चमधल्या सकाळी पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा सुटतो. त्याचा जोर असला की समुद्रावरचा वारा आत यायला उशीर करतो आणि पारा चढत राहतो. मग दुपारी केव्हातरी पश्चिमेच्या खिडकीचा पडदा आतल्या बाजूला फुगतो. त्या क्षणी हातातले काम सोडून ‘आला’ असे म्हणावे. मंत्र एवढाच. अंधेरी-बोरिवलीकरांना हा वारा आधी लागतो, मुलुंडकरांना मागाहून. मुलुंडकरांनी मत्सर करू नये. सहावा विधी त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे.

सहावे, रोहितदर्शन. मुलुंडहून ऐरोलीला जाताना पुलाखाली ठाण्याची खाडी लागते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात रोहित पक्षी माना खाली घालून चरत असतात. २०१५ साली इथे त्यांच्यासाठी अभयारण्य झाले, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळातून आणि बारीक जलचरांतून; आणि ते शेवाळ फोफावायला आपले सांडपाणी हातभार लावते, असे जाणकार सांगतात. साऱ्या वसंतसोहळ्यात उपनगराचे स्वतःचे म्हणावे असे योगदान ते हेच. इथे मान झुकवावी. अभिमानाने की शरमेने, हे ज्याचे त्याने ठरवावे.

नैवेद्य

पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला, गूळ, ओवा, हिंग आणि भिजवलेली चणाडाळ. तोंड वाकडे झाल्यास तो विधीचाच भाग समजावा. चैत्रगौरीला आंबेडाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे. हापूसच्या पहिल्या पेटीचा भाव ऐकून भल्याभल्यांची श्रद्धा डळमळते, म्हणून या व्रतात कैरीच सांगितली आहे.

वैशाखात स्टेशनाबाहेर आणि बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला टोपल्या घेऊन बसलेल्या बायका दिसतात. पानाच्या द्रोणात करवंदे, जांभळे, कधी ताडगोळे. व्रताचा एकुलता एक आर्थिक नियम इथे लागू होतो. वसंत फुकट आहे. काट्यात हात घालून करवंदे वेचणारी फुकट नाही. मॉलमध्ये छापील किमतीला मान डोलावून इथे दहा रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्याचे त्या वर्षीचे व्रत बाद समजावे. मोगऱ्याच्या गजऱ्यालाही हाच नियम.

दान म्हणून चैत्रात पाणपोई घालायची जुनी रीत आहे. तिला प्रपादान म्हणत. सोसायटीच्या गेटवर लाल फडके गुंडाळलेला माठ ठेवावा. कुरियरवाला, रिक्षावाला, पाहुण्यांचा ड्रायव्हर यांपैकी कोणालाही ‘कोणाकडे आलात?’ न विचारता पाणी मिळावे. वसंताचे देणे वसंताला फेडता येत नाही. ते तहानलेल्याला द्यावे.

तीर्थाटन

अंधेरीकरांनी गिल्बर्ट हिल चढावी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा उभा कातळ, २०० फुटांच्या आसपास उंच, आणि माथ्यावर गावदेवी. पायथ्याशी इमारती इतक्या दाटल्या आहेत की कातळच अतिक्रमण करून उभा आहे असे वाटावे. माथ्यावर पोचून धाप लागल्यावर, आपल्या सोसायटीचे कन्व्हेयन्स अजून झाले नाही हे दुःख त्या साडेसहा कोटी वर्षांशेजारी ठेवून पाहावे.

बोरिवलीकरांनी कान्हेरी गाठावी. तिथे लेण्यांजवळ कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. सुमारे १,८०० वर्षांपूर्वी कल्याण, सोपाऱ्याकडच्या व्यापाऱ्यांनी आणि उपासकांनी इथे दाने दिली, आणि दात्याचे नाव शेजारी कोरून घेतले. बागेतल्या बाकावर वडिलांचे नाव रंगवणाऱ्यांना म्हणून हसू नये. वाटसरूला पाणी मिळत असेल, तर देणाऱ्याने नाव कोरले म्हणून काय बिघडले?

निषेध

खिडकीबाहेर पांगारा फुललेला असताना ग्रुपवर हॉलंडच्या ट्युलिपसह ‘शुभ सकाळ’ पाठवणे. देवपूजेच्या नावाखाली शेजारच्या सोसायटीची जास्वंद पहाटे खुडणे. ‘आमच्या वेळी इथे नुसती भातशेती होती’ हे भाषण एका वाक्यापलीकडे नेणे. घरकामाच्या मावशींना कृतज्ञतेचा उपदेश करणे. त्याने पगारवाढीचा विषय टळत नाही.

शंकासमाधान

शंका : आमच्या खिडकीतून समोरच्यांची खिडकीच दिसते.
समाधान : त्यांच्या ग्रिलमध्ये तुळस किंवा कढीपत्ता असेल. नसेल तर तुम्ही लावा. त्यांचे व्रत तरी होईल.

शंका : नास्तिकाने केले तर चालेल का?
समाधान : चालेल. कोकीळ दोघांनाही साडेचारलाच उठवतो.

शंका : असेल त्यात समाधान मानायचे, म्हणजे झाडे तोडली तरी गप्प राहायचे?
समाधान : मुळीच नाही. झाडे वाचवण्यासाठी राज्यात १९७५ पासून कायदा आहे. खोडावर नोटीस चिकटवलेली दिसली की वाचावी आणि मुदतीत हरकत लिहून द्यावी. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरेत तोड सुरू झाली आणि २,००० हून अधिक झाडे गेली. त्या रात्री तिथे धावत गेलेल्या पोरापोरींनी हे व्रत आपल्याहून पुष्कळ कडक पाळले. ज्या झाडाचे नाव आपल्याला ठाऊक असते, त्याच्यासाठी हरकतीचा अर्ज लिहिताना हात थांबत नाही. पालवी पाहण्याचा एवढा तरी उपयोग आहे.

फलश्रुती

हे व्रत करणाऱ्याची लोकल वेळेवर येत नाही. त्याच्या पुनर्विकासाचा करार लवकर होत नाही आणि उकाडा अर्ध्या अंशानेही कमी होत नाही. फळ मिळते ते इतकेच. लिफ्टमध्ये कोणी ‘काय उकडतंय!’ म्हणाले की इतरांचे संभाषण तिथे संपते. व्रतस्थ ‘हो ना’ म्हणतो आणि पुढे विचारतो, ‘मागच्या गेटचा बहावा पाहिलात का?’ ऐकणाऱ्याने पाहिलेला नसतो. संध्याकाळी तो कचरा टाकायचे निमित्त करून मागच्या गेटला जातो. दीक्षा अशीच दिली जाते. तिचे फॉर्म नाहीत.

उद्यापन मृगाच्या पहिल्या पावसाला करावे. गेटवरचा माठ घासून, पुसून पालथा घालावा. हे विसरू नये. पाणी साठले की डास होतात, आणि त्याची नोटीस मात्र दंडाच्या रकमेसह, वेळेवर, थेट घरपोच येते.