सरळ दिसतंय की!

(शिनोली. गावातल्या स्लॅबवरून दोन किलोमीटरवरच्या मळ्यात बिनतारी नेट न्यायचंय.)

बागायतदार : चौफेर फेकणारा अँटेना लाव. पैसे मोजतोय तर जाऊ दे चारी दिशांना.

नेटवाला : तात्या, नेट मळ्यात पाहिजे ना? डिंभ्याच्या धरणातल्या माशांना कशाला?

बागायतदार : मग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीसारखी डिश लाव. ४५ मीटरची! तशा ३० उभ्या केल्यात, त्याही नुसत्या जाळीच्या.

नेटवाला : त्या आकाशातलं टिपायला. त्यांची लहर वीतभर ते पुरुषभर लांब, जाळीतून निसटत नाही. आपली लहर पाच सेंटिमीटरची. फूटभर डिश पुष्कळ.

बागायतदार : एवढीशी? तिच्यात करंट जास्त भरायचा का?

नेटवाला : अँटेना ताकद वाढवत नाही. आहे तीच इकडची-तिकडची गोळा करून एका बाजूला सोडते. कालव्याचं पाणी एकाच चारीला काढल्यासारखं.

बागायतदार : म्हणजे भावकीचं तोडून आपल्याकडं! पटलं. लाव.

नेटवाला : (डिश फिरवत, सिग्नलचा आकडा बघत) उणे ७८... आलं!

बागायतदार : आवळ नट.

नेटवाला : थांबा. मुख्य झोताच्या बाजूला बारके झोत असतात. त्यातला एखादा घावला की वाटतं जमलं. पुढं सरकवून बघायचं.

बागायतदार : थोरल्याच्या लग्नात हे कुणी सांगितलं नाही. पहिल्याच स्थळाला नट आवळला.

नेटवाला : उणे ६६! हा खरा.

बागायतदार : अरे, ७८ चे ६६ झाले! घटलं की.

नेटवाला : उणे आहे तात्या. जितकं कमी तितकं बरं.

बागायतदार : हां, सोसायटीच्या बाकीसारखं.

नेटवाला : तरी मार खातंय. वाटेत तो आंबा आहे.

बागायतदार : कुठं वाटेत? फांदीवरून मळा सरळ दिसतोय की!

नेटवाला : डोळ्याला दोरीएवढी वाट पुरते. लहरीला मध्यावर चहूबाजूंनी पाच मीटर लागते, त्यातली निम्म्याहून जास्त तरी मोकळी पाहिजे. पावसाळ्यात ओली पानं आणखी खातील. फांदी छाटायला सांगा.

बागायतदार : आंबा भावकीचा. बांधाच्या केसपासून बोलणं नाही.

नेटवाला : एकदा विचारून तर बघा.

बागायतदार : खांब वाढवला तर?

नेटवाला : दोन्हीकडं दहा-दहा फूट. पाइप, तणावे, वेल्डिंग, मजुरी... सात-आठ हजार जातील.

बागायतदार : एवढंच? मागव पाइप.