भिलाईतील कौटुंबिक उन्हाळी सहल : नियोजन, मंजुरी आणि अंमलबजावणी

कौटुंबिक उन्हाळी सहल म्हणजे, शाळा बंद झाल्यापासून ती पुन्हा उघडेपर्यंतच्या काळात, घरातील मुलांनी ‘कंटाळा आला’ हे वाक्य उच्चारू नये यासाठी प्रौढांनी योजलेली आणि बहुधा प्रौढांनाच दमवणारी हालचाल होय. ही हालचाल सर्वत्र आढळत असली तरी भिलाईत तिला जे शासकीय वळण लागले आहे ते अन्यत्र दुर्मीळ असून, त्याचे मूळ गावाच्या जन्मकथेत शोधावे लागते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भट्टीच्या आगेमागे सेक्टरांत आखलेली वसाहत उभी राहिली, जिच्यात राहणाऱ्यांना क्वार्टर, शाळा, दवाखाना, बाजार आणि मैदान या साऱ्या गोष्टी क्रमाक्रमाने ‘अलॉट’ होत गेल्या. जिथे डोक्यावरचे छप्पर अर्जाने मिळते तिथे विरंगुळाही अर्जानेच मिळत असला पाहिजे, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत मार्गदर्शन ही समजूत खोडून काढत नाही. तिला फक्त रीतसर रूप देते.

नियोजकाने सर्वप्रथम काळाचा विचार करावा. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरचे जे नऊ दिवस विदर्भात नवतपा आणि छत्तीसगढात नौतपा म्हणून ओळखले जातात, त्या दिवसांत सकाळी दहा ते सायंकाळी साडेपाच या वेळात घराबाहेर पडणे हा उपक्रम नसून वैद्यकीय प्रकरण होय. हा अवधी कूलरच्या झोतासमोर, वाळ्याच्या वासात, पन्हे पीत आणि जागेच्या हद्दीवरून भावंडांशी वाद घालत काढायचा असतो. कूलरच्या थेट समोरची जागा ज्येष्ठतेने मिळावी की आधी येणाऱ्यास मिळावी, हा प्रश्न प्रत्येक घराने आपापल्या परंपरेने सोडवावा. उरलेल्या वेळापैकी पहाट ही उन्हाळी क्रीडा शिबिरांच्या मालकीची आहे. ही शिबिरे कारखान्याच्या क्रीडा विभागातर्फे भरवली जातात, आणि शाळेच्या दिवसांत सात वाजता उठवताना नाकी नऊ आणणारे मूल सुट्टीत पाच वाजता बूट घालून दाराशी उभे राहते, या घटनेचे समाधानकारक स्पष्टीकरण कोणत्याही बालमानसशास्त्राने दिलेले नाही. सहलीसाठी म्हणून जो काळ शिल्लक राहतो तो संध्याकाळचे तीन तास एवढाच.

मात्र हे तीन तासही कुटुंबाच्या हाती नसून पाळीच्या हाती असतात. पाळी म्हणजे कारखान्यातील कामाची आठ तासांची विभागणी : ‘ए’ शिफ्ट सकाळी सहाला लागते, ‘बी’ दुपारी दोनला, ‘सी’ रात्री दहाला, आणि कार्यालयीन वेळेत काम करणाऱ्यांची ती ‘जनरल’. भट्टी एकदा पेटली की ती सणवार पाहत नाही, त्यामुळे पाळ्या फिरत राहतात आणि त्यांच्याबरोबर सहलीची पात्रताही फिरते. ‘ए’ शिफ्टचा पालक सायंकाळी मोकळा असला तरी बागेतल्या पहिल्याच बाकावर पेंगतो. ‘बी’ शिफ्टच्या घरी सहल हा विषय त्या आठवड्यापुरता कार्यक्रमपत्रिकेवरून वगळावा. आणि ‘सी’ शिफ्टच्या पालकास सहलीहून थेट कामावर जायचे असल्याने तो दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहतो, ज्याचा मुलांच्या आनंदावर होणारा परिणाम सांगण्याची गरज नाही. सर्वांत कठीण प्रकरण ज्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी येते त्याचे, कारण गावातील सर्वांत मोठे सहलस्थान असलेली मैत्री बागही त्याच दिवशी सुट्टी घेते. अशा कुटुंबाने फाटकापर्यंत जाऊन परत येणे हीच सहल मानावी; अनेक कुटुंबे तसे मानतात.

स्थळनिश्चितीचा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे, कारण कुठे जायचे यावर घरात कितीही तास चर्चा झाली तरी निर्णय सिविक सेंटर हाच होतो. सिविक सेंटर म्हणजे वसाहतीच्या आखणीतच बाजार, कार्यक्रम आणि येरझारा यांसाठी राखून ठेवलेला मध्यवर्ती भाग. चर्चा तरीही व्हावीच लागते, किंबहुना तीच मंजुरीची प्रक्रिया होय. चर्चेविना सिविक सेंटरला गेलेले कुटुंब सहलीला गेले असे म्हणता येत नाही, ते केवळ बाजारात गेलेले असते.

येथे पोचल्यावर शैक्षणिक भाग आधी उरकावा. पद्मश्रीने सन्मानित शिल्पकार जे. एम. नेल्सन यांनी घडवलेल्या कृष्णार्जुनाच्या रथासमोर मुलांना उभे करून गीतेचा प्रसंग सांगण्याची प्रथा आहे. प्रसंग सांगणाऱ्या पालकाची अवस्था मात्र सारथ्यापेक्षा रथात बसलेल्याच्या अधिक जवळची असते : समोर सारे स्वकीयच, प्रत्येकाची मागणी वेगळी, आणि आपण येथे का आलो याविषयी मनात गहन शंका. त्यानंतर नेहरू आर्ट गॅलरीत संध्याकाळी एखादे चित्रप्रदर्शन चालू असल्यास तिथे जावे. तिथे मुलांनी काय पाहावे हे पालक ठरवतात आणि मुले काय पाहतात हे मुले ठरवतात, त्यामुळे अमूर्त चित्रासमोर ‘हे उलटं टांगलंय का’ असा प्रश्न मोठ्या आवाजात विचारला जाण्याची शक्यता गृहीत धरून चित्रकार शेजारीच उभे नाहीत याची आधी खात्री करावी. महात्मा गांधी कला मंदिरात कार्यक्रम असल्यास तो पालकाचा अलभ्य लाभ समजावा. पंडवानी, म्हणजे एकाच कलावंताने हातात तंबुरा घेऊन गायन, कथन आणि अभिनयातून उभे केलेले महाभारत, जगभर नेणाऱ्या तीजनबाई या कारखान्याच्या नोकरीत होत्या आणि त्यांना २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले, एवढी माहिती मुलांना देऊन ठेवली की भीमाने दुःशासनाला कसे लोळवले ते तंबुऱ्याची गदा करून दाखवण्याचे काम ती घरी आल्यावर स्वतःहून करतात. या एका सहलीचे फळ आठवडाभर टिकते. शेजाऱ्यांची तक्रार त्याहून थोडी अधिक.

मैत्री बाग हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या बागेत प्राणिसंग्रहालय, नौकाविहार, छोटी रेल्वे आणि संगीत कारंजे असून तिची कीर्ती पांढऱ्या वाघांमुळे आहे. पांढरा वाघ ही वेगळी जात नसून नेहमीच्याच वाघाच्या रंगातील आनुवंशिक बदल आहे, आणि १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन नावाच्या बछड्यापासून पिंजऱ्यातील पांढऱ्या वाघांचा बहुतेक वंश चालत आला, ही माहिती पालकाने आदल्या रात्री पाठ करून जावी. ती वापरण्याची संधी मात्र मिळेलच असे नाही. उन्हाळ्यात पिंजऱ्यांवर हिरवी जाळी पसरतात आणि वाघांसाठी कूलर लावतात. ते पाहिल्यावर ‘वाघाचा कूलर आपल्यापेक्षा मोठा का’ हा एकच प्रश्न उरतो, आणि त्याला वंशशास्त्रात उत्तर नाही.

दूरच्या सहलींचा उल्लेख केवळ परिपूर्णतेसाठी करावयाचा. डोंगरगढच्या बमलेश्वरीला हजाराहून अधिक पायऱ्या आहेत आणि रोपवेही आहे. मे महिन्यात यांतून निवड करण्यास फारसा वेळ लागत नाही. बालोदजवळचे तांदुला धरण पाहण्याजोगे आहे, परंतु ‘हेच पाणी कारखान्याला येतं’ एवढे सांगितल्यावर मुलांना त्यात पाहण्यासारखे काही उरत नाही. नव्या रायपूरच्या पुरखौती मुक्तांगण या खुल्या संग्रहालयात सावलीचा क्रम आधी ठरवून मगच फिरावे.

पाहुण्यांची मुले आली की या साऱ्या नियमांचे पुनरावलोकन करावे लागते. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी अठराव्या शतकात रतनपुरास येऊन राहिले तेव्हापासून तिकडची माणसे इकडे येतच आहेत, आणि गोंदियावरून येणारी रेल्वे आजही त्या कामी कसूर करीत नाही. फरक इतकाच की पूर्वी येणारे महसूल नेत, आताचे ‘तुमच्याकडे पाहण्यासारखं काय आहे?’ असे विचारतात. या प्रश्नाला कारखाना हे उत्तर देऊ नये. पाहुण्यांची मुले लगेच आत जायला निघतात, आणि आत जाण्यास खरोखरच अर्ज लागतो.

आतापर्यंतच्या विवेचनात न बसणारा एक उपक्रम नोंदवणे भाग आहे. अक्षय तृतीयेला, म्हणजे छत्तीसगढच्या अक्तीला, मुले पुतरा-पुतरीचे, अर्थात मातीच्या बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात. मराठी घरांना भातुकलीमुळे हा विधी परका वाटत नाही, म्हणून वसाहतीत वरपक्ष ओडिया, वधूपक्ष तेलुगू आणि आहेराचा हिशेब ठेवणारी मुलगी मराठी असे संबंध सहज जुळू शकतात. मांडव आंब्याच्या डहाळ्यांचा, वऱ्हाड अंगणातलेच, आणि मोठ्यांना आमंत्रण केवळ जेवण व रोख आहेर यांपुरते. यात प्रवेशशुल्क नाही, वेळापत्रक नाही आणि कोणाची मंजुरीही लागत नाही. त्यामुळे नियोजनशास्त्राच्या दृष्टीने याला सहल अथवा उपक्रम म्हणता येत नाही, आणि सुट्टीभर मुलांसाठी काहीच सापडले नाही अशी खंत करणारे पालक या लग्नाला दोन वेळा जेवून आलेले असले तरी ते हिशेबात धरत नाहीत, हे शास्त्राला धरूनच आहे.

सहलीचा समारोप सिविक सेंटरच्या ठेल्यांपाशी होतो. पाणीपुरीला इथे गुपचुप म्हणतात, आणि मूल मराठी शाळेत एक दिवसही न गेलेले असो वा घरी शुद्ध मराठी बोलणारे असो, या ठिकाणी ते दुसरा शब्द स्वीकारत नाही. पालकाने एका प्लेटीची मंजुरी द्यावी, दुसरीला विरोध नोंदवावा आणि तिसरीचे पैसे द्यावेत. पैसे देऊन झाल्यावर ठेलेवाल्याकडून प्रत्येकी एक सुकी पुरी, मीठ-मसाला घातलेली आणि विनामूल्य, मागून घेण्याचा हक्क राहतो. तो बजावल्याखेरीज कोणतेही मूल स्कूटरकडे वळत नाही, आणि ठेलेवाला ती देताना कुठलाही अर्ज मागत नाही.