प्रमाण पाऊस

नभोवाणीच्या परिभाषेत गाणे-बजावणे वगळून जे उरते त्याला, म्हणजे बातम्या, भाषण, परिसंवाद, रूपक आणि श्रुतिका यांना, शब्दप्रधान कार्यक्रम म्हणतात. आणि असे कार्यक्रम दिवसभर ऐकण्याची सर्वाधिक सोय दिल्लीकरांना किंवा पुणेकरांना नसून कर्नाटकाच्या सीमेवरील औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद आणि आळंद या तालुक्यांतील रहिवाशांना लाभली आहे, ही गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून निसटलेली दिसते. मध्यम लहरींच्या एकाच पट्ट्यावर सोलापूरही सापडते आणि 612 किलोहर्ट्झवर बेंगळुरूही, म्हणजे काट्याच्या हिशेबाने महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात जेमतेम बोटभराचे अंतर आहे. ज्या सीमेसाठी 1966 साली महाजन आयोग नेमावा लागला आणि जिचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, ती सीमा इथले शाळकरी पोर रेडिओची गुंडी किंचित पिळून ओलांडते आणि शाळेला उशीर होतो म्हणून परतही येते.

दिवसाचा आरंभ सहा पंचावन्नला दिल्लीहून येणाऱ्या संस्कृत बातम्यांनी होतो. 1974 पासून चालू असलेले हे बातमीपत्र या भागातील कोणाचीही मातृभाषा नसलेल्या भाषेत असल्यामुळे त्याविषयी कोणाचीच तक्रार नाही. त्यानंतर कन्नडात वार्ते, मराठीत बातम्या, हैदराबादहून तेलुगूत वार्तलु आणि उर्दूत खबरें येतात, आणि एकाच पुलाच्या उद्घाटनाची वार्ता इतक्या भाषांतून ऐकल्यावर श्रोत्याचा असा समज झाल्यास नवल नाही की, पूल चार-पाच तरी झाले असावेत आणि आपल्या ओढ्यावरचा तेवढा राहिला असावा.

ऐतिहासिक दृष्टीने पाहता या प्रदेशातील सर्वांत परिणामकारक शब्दप्रधान कार्यक्रम 17 सप्टेंबर 1948 रोजी झाला; त्या दिवशी हैदराबादच्या निजामाने डेक्कन रेडिओवरून, म्हणजे आपल्याच संस्थानाच्या नभोवाणीवरून, शरणागती जाहीर केली. पुढे संस्थान गेले, 1956 साली जिल्हे वाटले गेले, 2014 साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, 2019 साली हैदराबाद-कर्नाटकाचे कल्याण-कर्नाटक झाले आणि 2023 साली ऑल इंडिया रेडिओ हे नाव सोडून नुसती आकाशवाणी उरली. निवेदकाचा स्वर मात्र जिथल्या तिथे आहे.

या स्वराला प्रमाण भाषा असे म्हणतात, आणि प्रमाण भाषा म्हणजे जी सर्वांना समजते व ऐकणाऱ्यांच्या घरात कोणी बोलत नाही ती. सोलापूरचा निवेदक ‘पाऊस पडत आहे’ असे सांगतो, तेव्हा औरादकडचा माणूस छपरीतून हात बाहेर काढून ‘पडूलालाय’ असे म्हणतो. बेंगळुरूची निवेदिका ‘मळे बरुत्तिदे’ म्हणते, तेव्हा कलबुर्गीकडे ‘मळी बर्लाकत्तद’ असते. पहिल्या बोलीतील क्रियापदात मराठीतले ‘लागणे’ दडले आहे आणि दुसरीत कन्नडातले त्याच अर्थाचे ‘हत्तु’, म्हणजे या दोन बोलींनी चालू वर्तमानकाळ एकाच लाकडातून तासून काढला आहे. दोन राज्यांना जे जमले नाही ते दोन व्याकरणांनी आयोगावाचून उरकले; पण यांपैकी कोणतेही रूप आवाजाच्या चाचणीत उत्तीर्ण होत नाही.

बोलीला आत यायचे झाल्यास शेतीच्या कार्यक्रमाचे मागचे दार तेवढे उघडे असते, आणि तिथेही शंका बोलीत विचारायची व समाधान प्रमाण भाषेत व्हायचे, असा शिरस्ता आहे. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कलबुर्गीच्या तुरीवर मराठी तज्ज्ञ ‘मर रोग’ समजावतात आणि कन्नड तज्ज्ञ ‘नेटे रोग’. रोग एकच असतो, औषधही एकच असते आणि दुकानदार ते हिंदीत उधार नाकारतो.

सूर्यास्तानंतर मात्र निसर्ग हस्तक्षेप करतो. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणातील विद्युत्भारित पट्ट्याचा, खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो, लहरी वरच्या थरांवर आपटून शेकडो कोसांवर उतरतात आणि एका केंद्राच्या भाषणात दुसऱ्या केंद्राचा परिसंवाद मिसळतो. मराठी कर्ता, कन्नड कर्म आणि मधेच कुठूनतरी एखादे उर्दू क्रियापद अशी वाक्ये कानावर पडू लागतात. तंत्रज्ञ याला व्यत्यय म्हणतात. वस्तुतः आकाशवाणी सीमाभागाच्या भाषेत बोलते ती एवढा वेळच, आणि तेही तिच्या नकळत.

हवामानाच्या निवेदनात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता वर्तवली जात असते, तेवढ्यात अंगणात वाळत घातलेल्या तुरीवर टपोरे थेंब वाजतात. ‘अहो, पडूलालाय की, ताडपत्री आणा!’ अशी आरोळी एका घरातून उठते, ‘मळी बर्लाकत्तद’ अशी शेजारच्या घरातून उठते, आणि ताडपत्री एकच असल्यामुळे दोन्ही घरे तिची दोन-दोन टोके धरून धावतात. ओट्यावर विसरलेला रेडिओ अजूनही शक्यताच सांगत असतो.