पाव्हणं, कुठलं म्हणायचं?

उजनी धरणाच्या काठानं कुठंही जा, कंदर असो, वाशिंबे असो नाहीतर चिखलठाण, तिथं एक तात्या असतोच. कुठं त्याला आण्णा म्हणतात, कुठं आबा, कुठं बापू, माणूस तोच. वय सत्तरीच्या अल्याडपल्याड, डोक्याला पांढरी टोपी आणि बंडीच्या खिशात चष्मा, चुन्याची डबी आणि आठ घड्या घातलेला एक मळका कागद. तात्याचा उद्योग एकच, नातं लावणं. ह्या उद्योगाला पगार नाही आणि सुट्टीही नाही.

पद्धत ठरलेली असते. जेऊरच्या फलाटावर गाडीची वाट बघत तुम्ही निवांत उभे असता. शेजारून आवाज येतो, "पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" तुम्ही पुणं म्हणता. तात्या हसतो. "पुण्यात मूळचं कोण असतंय? मूळचं सांगा." मूळचं सांगितलं की आजोळ, आजोळ सांगितलं की बहिणी कुठं दिल्यात, आणि गाडी यायच्या आत तुम्ही त्याच्या आत्याच्या नणंदेच्या दिराचे नातू ठरलेले असता. मग गाडी चुकली तरी चालते, कारण घरी चला, जेवून जा, हे ओघानं आलंच.

असा एक किस्सा सांगतात की, थकबाकीपायी मोटारीची वीज तोडायला आलेला वायरमन तात्याच्या तावडीत सापडला. दहा मिनिटांत तो भाचा निघाला. चहा झाला, पोहे झाले, काकूंनी शेंगाची चटणी पुडीत बांधून दिली. भाचा हात हलवत परत गेला आणि दुसऱ्या दिवशी येऊन वीज तोडून गेला. तात्याला मोटार बंद पडल्याचं दुःख नव्हतं. "वायरमननं तोडली असती तर काय न्हवतं. सख्ख्या भाच्यानं तोडली!" असं तो वर्षभर सांगत होता. सख्खा कधी झाला, हे कुणी विचारलं नाही.

हा छंद उजनीच्या काठावरच एवढा का फोफावला, त्याला कारण आहे. 1966 साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, 1980 साली काम पुरं झालं, जलाशयाला यशवंतसागर नाव मिळालं. आज ऊस आणि केळी उभी आहेत ती ह्याच पाण्यावर. पण पाणी चढलं तशी भीमेकाठची गावं उठली आणि जिथं जागा मिळाली तिथं बसली. वांगीच्या चार वांग्या झाल्या, नंबर एक ते नंबर चार. केत्तूरही एक आणि दोन झालं. एका आजोबाची नातवंडं वेगवेगळ्या नंबरांत वाटली गेली. उन्हाळ्यात जिथून धोतर खोचून नदी ओलांडायची, तिथं सागर झाला. समोरचा काठ दिसतो, पण तो इंदापूर तालुका, पुणे जिल्हा. गाडीनं जायचं तर टेंभुर्णीला वळसा घाला नाहीतर डिकसळला. त्यामुळं चुलतभाऊ नजरेच्या टप्प्यात राहिला आणि जाण्यायेण्याच्या बाहेर गेला. सरकारनं जमीन मोजली, घरं मोजली, झाडंसुद्धा मोजली. भावकी कुणी मोजली नाही. ते खातं तात्यानं आपणहून घेतलं.

खिशातला तो कागद म्हणजे वंशावळ. घरात धरणग्रस्ताचा दाखला काढायचा म्हटलं की हा कागद लागतो, वारस नोंदीला लागतो. दाखल्यावर नाव कुणाच्या पोराचं घालायचं ह्यावरून भाऊ-भाऊ बोलेनासे होतात, तेव्हा मध्ये बसायला तात्या लागतो. 2023 साली जुन्या कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली, तेव्हा तर तात्याचा भाव कांद्यालाही मागं टाकून गेला. वीस वर्षांत ज्यांनी दिवाळीला फोन केला नव्हता ते चुलतभाऊ पेढे घेऊन दारात उभे. "तात्या, आपला खापरपणजा कोण?" तात्या चष्मा पुसायचा, कागद उलगडायचा आणि म्हणायचा, "आधी जेवा. खापरपणजा कुठं पळून जात न्हाई."

तात्याचा खरा हंगाम मात्र मे महिना. उजनीचं एक वैशिष्ट्य असं, की एकूण साठ्यात निम्म्याहून जास्त, म्हणजे 63 टीएमसीच्या वर पाणी मृतसाठ्यात धरलेलं. उपयुक्त साठा संपला की धरण शून्याच्या खाली जातं आणि इथली माणसं 'मायनसमधी गेलं' असं म्हणतात. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे 50 टक्क्यांच्याही खाली उतरलं होतं. पाणी असं उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, ते बघायला लांबून माणसं येतात. बाकीच्या गावांची जोतीही वर येतात, ती बघायला तात्या माणसं बोलावतो.

पिंपरी-चिंचवडला स्थायिक झालेले पुतणे, त्यांच्या बायका, इंग्रजी शाळेतली पोरं, सगळ्यांना भर दुपारी भेगाळलेल्या गाळातून तात्या पुढं घालून नेतो. दगडांची एक ओळ दिसली की थांबतो. "ही आपली ढाळज. हा सोपा. आता चपला काढा, इथं देवघर हाय." माणसं मुकाट्यानं चपला काढतात. गाळ तव्यावाणी तापलेला. पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतात. सूनबाई हात जोडते. तेवढ्यात दुसऱ्या नंबरातले थोरले चुलते काठी टेकत येतात आणि विचारतात, "गोठ्यात कशाला उभं ऱ्हायलाय रं सगळी?"

मग जे व्हायचं ते होतं. तात्या म्हणतो देवघर, थोरले म्हणतात गोठा. पुरावा म्हणून थोरले दावणीचा दगड दाखवतात, तात्या तोच दगड तुळशीवृंदावनाचा म्हणून दाखवतो. देवघरावरून गाडी बांधावर घसरते. ह्यांच्या आज्यांनी ज्या बांधापायी करमाळ्याच्या कोर्टात चपला झिजवल्या, तो बांध वर्षातले दहा महिने पाण्याखाली असतो. उरलेल्या दोन महिन्यांत भांडण काढून घ्यावं लागतं. त्यात पाणी हटलेल्या जागी गाळपेर करायची असते, म्हणजे भांडणाला नुसती आठवण नाही, कलिंगडाचा वाफाही असतो. बांध बुडाला, पण वाद कोरडाच राहिला. पुण्याच्या पोरांना वाटतं आता मारामारी होणार. होत काहीच नाही. दोघंही दुपारी एका पंगतीला बसतात, कडक भाकरी आणि तळलेली चिलापी खातात, आणि "आपल्या भीमंत हा मासा न्हवताच" ह्यावर दोघांचं एकमत होतं.

तात्याला एका ठिकाणी मात्र कुणी बोलवत नाही, ते म्हणजे सोयरिकीच्या बैठकीला. सगळं जुळलेलं असतं, साखरपुड्याची तारीख निघालेली असते, आणि तात्या तंबाखू मळता मळता म्हणतो, "थांबा, ह्यो पोरगा पोरीचा चुलता लागतोय." चार पिढ्या वर जाऊन, दोन दत्तकं ओलांडून तो ते सिद्धही करतो. अशी किती लग्नं त्यानं बसल्या जागी मोडली ह्याचा हिशेब काकूंकडं आहे.

आणि काकूंकडं आणखीही बरंच आहे. तात्याच्या वंशावळीत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, अशी पुरुषांचीच उतरंड. लेकी-बाळी त्यात नाहीत. त्या सगळ्या काकूंच्या डोक्यात. कुठली चंद्राक्का कुठं दिली, तिच्या बाळंतपणाला कोण गेलं, कुणाची पैठणी कुणी नेसायला नेली आणि परत दिली नाही. तात्या वाड्याचं जोतं दाखवतो, काकू त्या वाड्यात कोण कुणाशी बोलत नव्हतं ते सांगतात. तात्या अडकला की स्वयंपाकघराकडं तोंड करून नुसता खाकरतो. आतून नाव येतं.

माझंही तसंच झालं. माझं मूळगाव, आजोळ, पणजोळ सगळं चाचपून तात्याला धागा सापडेना. कागद दोनदा उलटापालटा केला, खाकरून झालं. काकू पीठ लागलेल्या हातानं उंबऱ्यापर्यंत आल्या. आजीचं माहेरचं नाव विचारलं आणि म्हणाल्या, "अगं बया! म्हंजे बहात्तरच्या दुष्काळात ज्यांचं लगीन रात्री उरकलं, ते तुमचं चुलतं. सगळीकडं रेशनचा तांबडा मिलो खात हुती माणसं. त्या लग्नाला आमच्या सासूबाईनी दोन पायली शाळू धाडला हुता. अजून परत आलेला न्हाई."

मी खिशाला हात घातला. तात्या घाईनं म्हणाला, "आवं, ऱ्हाऊ द्या. फिटलं म्हंजे तुमचं येणंजाणं संपलं."

"ऱ्हाऊ द्या कशाला?" काकू आत वळता वळता म्हणाल्या. "पुढच्या खेपंला घेऊन या. पण शाळूच आणा. हायब्रीड आणलं तर आजपासनं वळख न्हाई."